न पटणारं बिझनेस मासिक कसं वाचावं

अंक हातात आला की अग्रलेखापासून सुरुवात करू नका. ज्या मासिकाची राजकीय मतं आपल्याला पटत नाहीत, त्याच्या बाबतीत एवढी एक सवय लावली तरी निम्मं काम होतं. अग्रलेख आधी वाचला की डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्याने पुढचं वार्तांकन वाचलं की त्यातला प्रत्येक आकडा आपल्याविरुद्ध रचलेला वाटायला लागतो. मग अंक बाजूला पडतो, आणि दुसरीकडे इतकी नीट मिळाली नसती अशी माहितीही त्याच्याबरोबर जाते.

'द इकॉनॉमिस्ट'सारख्या साप्ताहिकात पुढच्या पानांवरच्या बऱ्याच अग्रलेखांमागे त्याच अंकात आत एक मोठा, वार्तांकनावर उभा असलेला लेख असतो. तो आतला लेख आधी वाचायचा. वाचून झाला की समासात दोन ओळी लिहायच्या: एवढ्या माहितीवरून मी कोणता निष्कर्ष काढला असता? मग पुढे येऊन अग्रलेख वाचायचा. माहिती तीच असते, पण अग्रलेख कुठेतरी एक उडी मारतो. 'कंपन्यांचा खर्च वाढला' इथून तो 'म्हणून सरकारने हात आखडता घ्यावा' इथे पोचतो, आणि मधली पायरी लिहिलेलीच नसते. मासिकाचं मत त्या न लिहिलेल्या पायरीत असतं. दोन ओळी आधी लिहून ठेवायच्या त्या यासाठीच. लिहिल्या नाहीत, तर उडी आपल्या दिशेची असली की दिसत नाही, आणि उलट दिशेची असली की सगळा लेखच खोटा वाटतो.

सगळा लेख खोटा असण्याची शक्यता फार कमी, आणि त्याला साधं कारण आहे. या मासिकांचा वाचक पैसे लावणारा असतो: कारखान्यात, रोख्यांत, शेअरमध्ये, परदेशातल्या नव्या शाखेत. तांब्याचा भाव चुकीचा छापला, किंवा संपात उतरलेल्या कामगारांची संख्या कमी करून सांगितली, तर नुकसान त्याचं होतं आणि तो वर्गणी बंद करतो. कार्ल मार्क्स १८४९ पासून लंडनमध्ये राहिला आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्याने 'इकॉनॉमिस्ट' वर्षानुवर्षं वाचला. त्याच्या लिखाणात त्यातले उतारे ठिकठिकाणी आहेत. फ्रान्समधल्या लुई बोनापार्टच्या सत्तेबद्दल मोठ्या सावकारी वर्गाला काय वाटतं हे सांगताना त्याने १८५२ मध्ये साक्ष काढली ती याच साप्ताहिकाची. ज्या वर्गाशी त्याचं भांडण होतं तो आपापसात काय बोलतो, हे त्याला तिथे त्यांच्याच शब्दांत मिळत होतं. ही सोय आजही आहे. मजुरी वाढल्याने नफा घटतोय, एका पुरवठादारावर सगळा धंदा अडकलाय, नव्या कायद्यातून अमुक पळवाट उरलीय, हे मालक आणि गुंतवणूकदार एकमेकांना उद्देशून सरळ बोलतात. जाहीर भाषणात त्यातलं काही येत नाही.

पण आकडे खरे आहेत म्हणजे कल नाही, असं मात्र नव्हे. कल निवडीत असतो. कोणता प्रश्न विचारला, कोणत्या वर्षापासून मोजलं, कोणाला बोलू दिलं आणि कोणता शब्द वापरला, यांत तो शोधायचा.

आधी मासिकाची भूमिका नेमकी माहीत करून घ्यावी, आणि 'उजवं', 'डावं', 'भांडवलदारांचं' यांसारख्या एका शब्दावर थांबू नये. 'इकॉनॉमिस्ट' १८४३ मध्ये जेम्स विल्सन या स्कॉटिश टोप्यांच्या कारखानदाराने काढला, तो धान्याच्या आयातीवरचे शुल्क-कायदे रद्द व्हावेत म्हणून. ते कायदे १८४६ मध्ये रद्द झाले. खुला व्यापार आणि सरकारचा कमीत कमी हस्तक्षेप हा त्याचा पाया तेव्हापासूनचा. त्याच तत्त्वापोटी आयर्लंडच्या दुष्काळात या पत्राने सरकारी मदतीला विरोध केला होता, आणि हे त्याच्या वाचकाने विसरू नये. याच पत्राने १९९६ च्या जानेवारीत समलिंगी विवाहांना मान्यता द्या असं मुखपृष्ठावर छापलं, ते कार्बनवर कर लावा म्हणतं, अमली पदार्थ कायदेशीर करून नियंत्रणाखाली आणा म्हणतं. २००३ मध्ये त्याने इराक युद्धाला पाठिंबा दिला. अमेरिकेच्या निवडणुकीत २००० साली त्याचा कौल बुश यांना होता, २००४ मध्ये केरी यांना, आणि पुढच्या दोन्ही वेळा ओबामांना. आणि सरकारचा हात आखूड असावा म्हणणारा संस्थापक विल्सन स्वतः १८६० मध्ये कलकत्त्यात वित्त सदस्य म्हणून बसला, तेव्हा तिजोरी भरायला त्याने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. याउलट 'फोर्ब्ज'. त्याचे संपादकप्रमुख स्टीव्ह फोर्ब्ज १९९६ आणि २००० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, ते सगळ्यांना सरसकट १७ टक्के प्राप्तिकर हा मुद्दा घेऊन. म्हणजे करविषयक लेख या दोन ठिकाणी एकाच चष्म्याने वाचून चालणार नाही.

यासाठी एक कोरं पान पुरतं. डाव्या बाजूला विषय लिहा: व्यापार, कर, कामगार, पर्यावरण, युद्ध, नागरी स्वातंत्र्य, कल्याणकारी खर्च. पुढे दोन रकाने, एक मासिकाच्या मताचा आणि एक आपल्या. पाच-सहा अंकांत पान बऱ्यापैकी भरतं. दोन रकाने जुळत नाहीत त्या विषयावर आपण आपोआप सावध असतो. जिथे जुळतात त्या विषयावर पेन्सिल अधिक घट्ट धरावी लागते, कारण आपल्याला हवा तसा आकडा आला की आपण तो तपासत नाही.

मालकी एकदाच पाहून ठेवावी. २०१५ मध्ये पिअर्सन या ब्रिटिश प्रकाशन कंपनीने 'इकॉनॉमिस्ट'मधला आपला निम्मा हिस्सा विकला, आणि इटलीच्या अन्येली घराण्याची एक्सॉर ही कंपनी सुमारे ४३ टक्क्यांची सर्वांत मोठी भागधारक झाली. पण मतदानाचा हक्क २० टक्क्यांच्या वर कोणालाच नाही, आणि संपादकाची नेमणूक स्वतंत्र विश्वस्तांच्या संमतीशिवाय होत नाही. नुसतं मालकाचं नाव वाचून कल ठरवणारे इथे फसतात. मालकाचे पैसे आणि छापलेला मजकूर यांच्यामध्ये कोणती भिंत आहे, ती कोणी बांधली आणि ती कधी कसोटीला लागली का, हे पाहावं. 'वॉल स्ट्रीट जर्नल' हे दैनिक, पण उदाहरण इथलंच आहे. थेरानोस या रक्ततपासणीच्या कंपनीत रूपर्ट मरडॉक यांनी स्वतःचे सुमारे १२.५ कोटी डॉलर घातले होते, आणि 'जर्नल' त्यांच्याच समूहाचं. २०१३ मध्ये त्याच पत्राच्या मतांच्या पानावर कंपनीच्या संस्थापिकेचं कौतुक करणारी मुलाखत आली होती. २०१५ च्या ऑक्टोबरात त्याच पत्राच्या बातमीदाराने, जॉन कॅरीरू यांनी, कंपनीचं यंत्र सांगितल्याप्रमाणे काम करत नसल्याचं उघड केलं. बातमीची पानं आणि मतांची पानं तिथे वेगवेगळ्या संपादकांच्या हाताखाली चालतात. मतांची पानं वाचून चिडलेल्या माणसाने पत्रच टाकून दिलं असतं, तर त्या काळातली ही मोठी शोधबातमी त्याच्या हातून गेली असती.

ऑनलाइन वाचताना अजून एक पाहायचं: लेख कोणी लिहिला. 'फोर्ब्ज'च्या संकेतस्थळावर पगारी पत्रकारांच्या बरोबरीने बाहेरच्या योगदात्यांचेही लेख असतात, आणि नावाखालच्या बारीक ओळीत ते लिहिलेलं असतं. प्रायोजित मजकूरही तसाच, मुख्य लेखांसारख्याच अक्षरांत मांडलेला आणि कोपऱ्यात एक छोटी सूचना. मासिकाचं नाव वर आहे म्हणून तो मासिकाचा आवाज ठरत नाही.

आता शब्द. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. एकीने तपासता येणारी माहिती अधोरेखित करा, दुसरीने अभिप्राय. समजा, असं वाक्य आहे: 'कठोर कामगार कायद्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या कंपन्यांना अखेर सुधारणांचा दिलासा मिळाला.' यात पहिल्या पेन्सिलीला कामच नाही. कठोर, ओझं, दबलेल्या, अखेर, सुधारणा, दिलासा, सगळा अभिप्राय. आता दुसऱ्या बाजूच्या पत्राचं वाक्य घ्या: 'कामगारांचं उरलंसुरलं संरक्षणही सरकारने हिरावून घेतलं.' इथेही तीच गत. घडलं काय होतं? कामावरून काढण्याआधी द्यायची नोटीस ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आणली. दोन्ही वाक्यांत हे नाही. लेखात पुढे कुठेतरी ते सापडलं, तर समासात लिहून घ्या आणि वरचं वाक्य खोडा. ते लेखभर कुठेच सापडलं नाही, तर लेख कितीही मोठा असला तरी त्यातून काही हाती आलेलं नाही.

'सुधारणा' हा या मासिकांतला सर्वांत कामाला जुंपलेला शब्द. तो दिसला की जागच्या जागी 'बदल' वाचायचं. वाक्याचा अर्थ तसाच राहिला तर ठीक. 'बदल' वाचल्यावर 'कशात, कोणासाठी' असा प्रश्न लगेच उभा राहिला, तर लेखकाने तो प्रश्न एका शब्दात मिटवून टाकला होता हे कळतं. 'लवचिक', 'विवेकी', 'व्यवहार्य', 'लोकानुनयी' यांनाही हीच परीक्षा. क्रियापदांकडे तर फारच लक्ष द्यावं. नोकऱ्या 'जातात', पण गुंतवणूक कंपनी 'करते'. कारखाना 'बंद पडतो', पण नवा कारखाना अमुक अध्यक्ष 'उभारतात'. चांगल्या गोष्टीला कर्ता असतो आणि वाईट गोष्ट आपोआप घडते, असं एका लेखात तीनदा दिसलं, तर लेखाचा कल तुम्हाला सापडला. आपल्या मताच्या पत्रांतही हेच उलटं दिसेल. तिथे मजुरी 'वाढते' आणि किमती कंपन्या 'वाढवतात'.

आकड्यांवर मात्र जास्त वेळ द्यावा, कारण खरा मामला इथेच आहे. एक जुना वाद जवळून पाहू. अमेरिकेत १९७० च्या दशकानंतर कामगारांची उत्पादकता वाढत राहिली, पण मोबदला तिच्या मागे पडला का? बाजारपेठेवर विश्वास असलेल्या मासिकात आलेख येतो आणि दोन रेषा जवळजवळ बरोबर चालताना दिसतात. कामगार चळवळीच्या बाजूच्या प्रकाशनात आलेख येतो आणि रेषा कात्रीसारख्या फाकलेल्या दिसतात. खोटं कोणीच बोलत नसतं.

समजण्यासाठी मनाने आकडे घेऊ. वीस वर्षांत तासाला होणारं उत्पादन १०० वरून १५० झालं. याच काळात सरासरी कामगाराचा एकूण मोबदला, म्हणजे पगार अधिक विमा अधिक निवृत्तिवेतनाचा वाटा, रुपया-डॉलर काय असेल त्यात १०० वरून २४० झाला. महागाई वजा करायला कंपन्या जे विकतात त्याच्या किमतीचा निर्देशांक घेतला, तो १०० वरून १६५ झाला. २४० भागिले १६५, म्हणजे १४५. उत्पादकता दीडपट, मोबदला जवळजवळ तेवढाच. रेषा बरोबर चालल्या. आता कामगार जे विकत घेतो त्याच्या किमती धरा: घरभाडं, औषधं, शिक्षण. हा निर्देशांक १०० वरून १८० झाला असेल तर २४० भागिले १८० म्हणजे १३३. आता सरासरी सोडा, कारण वरच्या काही जणांचे पगार भरमसाट वाढले की सरासरीही चढते. कामगारांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करून बरोबर मधला माणूस घ्या. त्याचा एकूण मोबदला १०० वरून २१५ झाला, तर २१५ भागिले १८० म्हणजे ११९. शेवटी विमा आणि निवृत्तिवेतन बाजूला ठेवून फक्त हातात पडणारा पगार घ्या, तो २०५ झाला, तर ११४ च्या आसपास. एकाच देशातले, त्याच वीस वर्षांतले तेच कामगार, आणि वाढ ४५ टक्केही आहे, १४ टक्केही आहे.

यातली बरोबर कोणती? तुम्ही काय विचारता त्यावर ते ठरतं. कंपनीला एवढा मोबदला परवडतो का, हे पाहायचं असेल तर तिच्या मालाची किंमत धरणं योग्य. घर चालतं का, हे पाहायचं असेल तर किराणा आणि भाड्याची किंमत धरणं योग्य. आरोग्य विम्याचा हप्ता हा खरोखरच मोबदला आहे, आणि त्यातून भाडं देता येत नाही हेही खरंच आहे. म्हणून वेतनाचा कोणताही आलेख दिसला की त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टीपेत चार गोष्टी शोधायच्या: सरासरी की मधला माणूस, पगार की एकूण मोबदला, कोणत्या किमतींनी महागाई वजा केली, आणि सगळे कामगार धरले की फक्त काही. टीपेत यातलं काहीच नसेल तर तो आलेख वादात वापरू नका, तो तुमच्या बाजूचा असला तरीही.

भाजक, म्हणजे टक्केवारी कशाच्या तुलनेत काढली, ही गोष्टही अशीच फार महत्त्वाची. अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत १ टक्का लोक प्राप्तिकराचा सुमारे ४० टक्के किंवा त्याहून जास्त भार उचलतात, हे वाक्य अशा मासिकांत वारंवार येतं. अलीकडच्या वर्षांपुरतं ते खरं आहे. पण भाजक आहे फक्त संघराज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर. पगारावरचा सामाजिक सुरक्षा कर त्यात नाही. तो १२.४ टक्के आहे, अर्धा कामगार आणि अर्धा मालक भरतो, आणि एका मर्यादेच्या वरच्या पगाराला लागतच नाही, त्यामुळे त्याचा भार मधल्या आणि खालच्या पगारांवर जास्त पडतो. राज्यांचे विक्रीकरही त्यात नाहीत. शिवाय त्या १ टक्क्याचा एकूण उत्पन्नातला वाटा किती, तो आकडा शेजारी ठेवल्याशिवाय ४० टक्के जास्त की कमी हे ठरत नाही. तो वाटा अलीकडे पाचव्या हिश्शाच्या वरच राहिलाय. हे सगळं मांडल्यावरही कर चढत्या दराचा आहे हे मासिकाचं म्हणणं टिकतं, हेही मान्य करायला हवं. फक्त मूळ वाक्यातून वाटतं तितका चढ उरत नाही.

बाकीच्या तपासण्या लवकर होतात. कराचा दर २५ वरून ३० वर गेला, तर विरोधक '२० टक्के वाढ' म्हणतील आणि समर्थक '५ टक्क्यांची'. दोन्ही मूळ दर लिहून ठेवले की वाद संपतो. खांबांचा आलेख शून्यापासून सुरू होत नसेल तर ९६ आणि ९८ यांतला फरक दुप्पट-तिप्पट दिसतो. रेषेच्या आलेखात शून्य नसलं तरी चालतं, तिथे सुरुवातीचं वर्ष पाहावं. मार्च २००९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार तळाला होता, तिथून मोजलेला परतावा सुंदरच दिसणार. २०२० पासून मोजलेली रोजगारवाढही तशीच. सुरुवात पाच वर्षं मागे नेली तर चित्र टिकतं का, एवढं पाहिलं तरी पुरे. डावीकडे एक मोजपट्टी आणि उजवीकडे दुसरी असलेला आलेख मी तर सरळ सोडून देण्याचा सल्ला देईन. पट्ट्या ताणून-आवळून त्यात कोणत्याही दोन रेषा जुळवता येतात.

'एका अभ्यासानुसार' हे शब्द आले की त्या अभ्यासाला उत्तर आलं होतं का, ते शोधायचं. किमान वेतनाचं उदाहरण सगळ्यांत शिकवणारं आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीत किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड दुकानांची दूरध्वनीवरून पाहणी केली आणि १९९४ मध्ये मांडलं की न्यू जर्सीत रोजगार घटलेला दिसत नाही. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी दुकानांच्या पगारपत्रकांचे आकडे घेऊन उलट निष्कर्ष काढला. मग कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी आकडे घेऊन २००० मध्ये पुन्हा उत्तर दिलं. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. लेखात यांतला एकच पक्ष आला असेल तर लेखकाने तुमच्यासाठी निवड करून ठेवली आहे. तो पक्ष आपल्याला आवडणारा असेल, तर दुसरा शोधायची जबाबदारी दुप्पट.

मग बोलणारे मोजा. लेखात ज्यांची विधानं आहेत त्यांच्या नावांपुढे एकेक अक्षर लिहा: मालक किंवा व्यवस्थापन 'मा', गुंतवणूकदार किंवा बँकेचा विश्लेषक 'गु', कामगार 'का', ग्राहक 'ग्रा', सरकार 'स', आणि ज्याचा व्यवहाराशी संबंध नाही पण धूर-पाणी-भाव ज्याला सोसावे लागतात तो बाहेरचा, 'बा'. गोदामांतल्या कामाच्या वेगावरच्या लेखात सहा 'मा', तीन 'गु' आणि एकही 'का' नाही, असं दिसलं, तर तो लेख रद्दी ठरत नाही. त्यातून व्यवस्थापनाची बाजू चांगली कळली आणि उरलेली दुसरीकडे शोधायची, एवढंच. 'विश्लेषकांचं म्हणणं' असं नाव नसलेलं विधान मोजायचं नाही. धोरण-संशोधन संस्थेचं नाव आलं तर तिला पैसे कोण देतं ते तिच्या वार्षिक अहवालात पाहावं. पाच मिनिटांचं काम.

याद्या आणि पुरस्कार वेगळे काढावेत, कारण त्यांची पद्धत वार्तांकनाची नसते. 'फॉर्च्युन'ने एन्रॉनला ओळीने सहा वर्षं अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी ठरवलं. ते मानांकन व्यवस्थापक, संचालक आणि विश्लेषकांच्या मतपाहणीवर ठरत होतं, म्हणजे धंद्यातल्या लोकांचं एकमेकांबद्दलचं मत. त्याच 'फॉर्च्युन'मध्ये २००१ च्या मार्चमध्ये बेथनी मॅक्लीन यांचा लेख आला. त्यांनी कंपनीचे जमाखर्च वाचले होते आणि प्रश्न साधा विचारला होता: ही कंपनी नेमके पैसे कमावते कशी? शेअरचा भाव नफ्याच्या सुमारे ५५ पट होता आणि समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हतं. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. कंपन्यांवर टीका हवी असलेल्या वाचकाला यात एक कठीण धडा आहे. कंपनीचं पितळ उघडं पाडायला लागणारं ज्ञान, ताळेबंदाखालच्या टीपा वाचण्याचं कसब, बहुतेक वेळा बिझनेस मासिकाच्या बातमीदारापाशीच असतं.

भाकितांसाठी वही ठेवा. तारीख, मासिकाचं म्हणणं, आणि पडताळणीची तारीख. 'इकॉनॉमिस्ट'ने मार्च १९९९ मध्ये मुखपृष्ठावर तेलाचा महापूर येणार असं मांडलं, आणि पिंपाला १० डॉलरच्या आसपास असलेला भाव ५ डॉलरपर्यंत उतरू शकतो असं आत लिहिलं. वर्षअखेरीस भाव २५ डॉलरजवळ होता. डिसेंबरात त्यांनी चूक कबूल करणारा लेख छापला. चूक छापून मान्य करणारं पत्र न पटणारं असलं तरी वाचण्याजोगं असतं, आणि चुकांचं सदर कुठे आहे, आहे का, हे वर्गणी भरण्याआधी पाहण्याच्या गोष्टींत मी फार वर धरतो. पडताळणीची तारीख मात्र विचाराने ठरवावी. 'बिझनेस वीक'ने ऑगस्ट १९७९ मध्ये शेअरचा मृत्यू झाल्याचं मुखपृष्ठावर जाहीर केलं, तेव्हा अमेरिकेच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ८७५ च्या आसपास होता. ऑगस्ट १९८२ मध्ये तो ७७७ वर होता, म्हणजे तीन वर्षांनी तपासलं असतं तर भाकीत खरं ठरलं असतं. १९९९ च्या शेवटी तो ११,००० च्या वर होता. त्याच तऱ्हेने 'इकॉनॉमिस्ट'ने मे २००० मध्ये आफ्रिकेला आशा नसलेला खंड म्हटलं आणि डिसेंबर २०११ मध्ये त्याच खंडाचा उदय मुखपृष्ठावर मांडला. दोन्ही अंक शेजारी ठेवले की कळतं, मुखपृष्ठ त्या महिन्यातली हवा सांगतं. देशांविषयीची माहिती आतल्या पानांत आणि शेवटच्या तक्त्यांत असते.

वाचकाच्या बाजूने जे बिघडतं तेही सांगायला हवं. सर्वांत जास्त बिघडतं ते चिडण्यासाठी वाचल्याने. अंकातला सर्वांत भडक लेख शोधायचा, त्याचा फोटो चार जणांना पाठवायचा, आणि बाकीची सत्तर पानं उघडायचीच नाहीत. शीर्षक बहुधा लेखकाने दिलेलं नसतं, उपसंपादकाने दिलेलं असतं, आणि भांडण मात्र शीर्षकाशी चाललेलं असतं. दुसरा बिघाड हळू होतो. वर्षभर वाचल्यावर त्यांचे शब्द आपल्या तोंडात बसतात. मतं बदलत नाहीत, पण अनुदानाला आपण 'ओझं' म्हणायला लागतो. युक्तिवाद पटून मत बदललं तर त्यात काही वाईट नाही. शब्द अंगवळणी पडून बदललं, तर आपण विचार केलेलाच नसतो. म्हणून त्या दोन रंगांच्या पेन्सिली पहिल्या महिन्यानंतरही बाजूला ठेवू नयेत. तिसरा बिघाड: ज्या विषयातलं आपल्याला कळतं त्यावरचा लेख उथळ निघाला की आपण नाक मुरडतो, आणि पुढच्याच पानावर आपल्याला काहीही माहीत नसलेल्या देशाबद्दलचा लेख मान डोलावत वाचतो. लिहिणारे तेच आहेत. आपल्या विषयात जितकी चूक सापडली तितका विश्वास त्या लेखावरही कमी ठेवावा.

पूर्ण अंक वाचायचा हट्ट नको. साप्ताहिकातले पाच-सहा लेख नीट, पेन्सिलीने, दीड तासात होतात. त्यात एक तरी लेख आपण आधीच हरकत घेतलेल्या विषयावरचा असावा, आणि एक असा, ज्यावर आपलं काहीच मत नाही. शेवटची तक्त्यांची पानं, वाढीचा दर, महागाई, बेरोजगारी, व्याजदर, दर अंकात चाळावीत. तिथे विशेषणांना जागाच नसते, आणि सहा महिन्यांत कोणत्या देशाचा कोणता आकडा नेहमीपेक्षा वेगळा आहे हे डोळ्याला आपोआप कळायला लागतं.

वाचकांची पत्रं मात्र त्याच अंकासोबत वाचू नयेत. ती आधीच्या अंकांतल्या लेखांवर असतात, म्हणून जुने अंक किमान तीन आठवडे ठेवावेत. नवा अंक आला की पत्रांचं पान उघडून जुना लेख शेजारी घ्यायचा. ज्या कंपनीवर टीका झाली तिचा अधिकारी, ज्या संघटनेचं नाव गाळलं तिचा पदाधिकारी, ज्याचा आकडा वापरला तो प्राध्यापक, अशी माणसं तिथे नावानिशी उत्तर देतात, आणि आपल्याला समासात न सुचलेली हरकत पुष्कळदा त्यांच्या दहा ओळींत असते. ती जुन्या लेखाच्या समासात उतरवून घ्यायची, तारखेसह.